तळहातावरचा ठोकळा

ओरत्तनाडूहून तंजावूरला येणाऱ्या बसमध्ये ती मला रोज दिसायची. इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. तळहातावर बोटाने चौकोन काढायची आणि चिमटीत धरल्यासारखा तो वर ओढायची. शेजारच्या म्हातारीने एकदा आमच्या तंजावुरी मराठीत विचारलंच, "नाच शिकतेस काय गे?"

"नाही आजी, ठोकळा करतें."

कॉम्प्युटरवर सपाट आकृतीला उंची कशी द्यायची, त्याचा हा सराव. कारण लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर चौघं, आणि माउस कायम मुलाच्या हातात. मुलींनी नुसतं बघायचं, वहीत उतरवायचं. प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि हिने माउस एकदाही धरला नव्हता! फी सगळ्यांकडून सारखी घेता, मग माउस काय एकाच्याच बापाचा?

त्या सकाळी मी तिच्याच कॉलेजच्या फाटकावर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. 'प्रत्येकाला एक कॉम्प्युटर मिळालाच पाहिजे', तमिळमध्ये, ठळक अक्षरांत. एक तिच्याही हातात कोंबलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

"अक्का, हें लिहिलें कशावर?"

"माझ्या लॅपटॉपवर."

"तो सांजेला रिकामा असतो काय?"

दुपारी मी असे ठोकळे काढायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यात घातलं. संध्याकाळी बस स्टँडच्या बाकावर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. पहिला ठोकळा उभा राहिला, तसा तिने तो उलटा केला आणि खालच्या बाजूने बघत राहिली. ओरत्तनाडूची बस लागली आणि सुटली. ती जागची हलली नाही.

मला पुढचं पत्रक लिहायचं होतं. मी ते कागदावर लिहायला घेतलं.