बाशी-मालामांच्या नऊ खिडक्या

आमच्या शेजारचे बाशी-मालामा एकतीस वर्षं शाळा-तपासनीस होते. म्हणजे एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कपाटांवरून बोट फिरवलं. माझ्याही वर्गात ते एकदा आले होते. मुलांना पाढे येतात का, वाचता येतं का, असल्या किरकोळ गोष्टींत ते शिरले नाहीत. फळ्याच्या वरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, ते उजेडात धरलं आणि माझ्या शेऱ्याच्या वहीत एकच शब्द लिहिला : 'धूळ.' पुढे निवृत्त झाल्यावर सगळं लुआन्शा गाव मोकळं पडलेलं असताना त्यांनी घर घेतलं ते नेमकं माझ्या कुंपणाला लागून.

मालामा ही त्यांची थोरली लेक. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं पेटीत जातात, म्हणून ते बाशी-मालामा, म्हणजे मालामाचे बाप, आणि त्यांची बायको बाना-मालामा, म्हणजे तिची आई. बाना-मालामा सरकारी दवाखान्यात सुईण होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातांवर जन्माला आलं. पण त्या कामाला शेरा द्यायला कुणी तपासनीस येत नसे, त्यामुळे त्यांच्या घरात कर्तृत्व म्हटलं की ते साहेबांचंच.

मालामा राजधानीत, लुसाकाला, चांगल्या नोकरीवर. एका ईस्टरला ती माणसं घेऊन आली आणि घराच्या नऊच्या नऊ खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स बसवून गेली. "आता धूळ आत येणार नाही," ती म्हणाली. लुसाकात राहिलं की माणूस किती लवकर विसरतो! आमच्याकडे ऑगस्टमध्ये वारा सुटला की खाणीच्या मातीचा डोंगर उठून घराघरात पाहुणा म्हणून येतो. पूर्वी तो जमिनीवर बसायचा. आता त्याला बसायला एकेका खिडकीत चाळीस-चाळीस बाकडी मिळाली.

दर शनिवारी बाना-मालामा स्टुलावर चढायच्या आणि पट्टी न् पट्टी पुसायच्या. साहेब खुर्चीत बसून चहा प्यायचे. बायकोचं पुसून झालं की उठायचे आणि बोट फिरवायचे.

"स्वयंपाकघराच्या खिडकीत, वरून सहावी पट्टी."

"बघते," बाना-मालामा म्हणायच्या.

"दहा मिनिटांचं काम आहे हो, बाना-मालामा. पद्धत हवी, पद्धत!"

हे दहा मिनिटांचं प्रवचन ते आल्यागेल्यालाही ऐकवायचे. चर्चमधून पाद्री आले तरी येशूआधी ब्लाइंड्सचा विषय निघायचा. पद्धतीवर साहेबांचा एवढा भर होता की त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे तीन वर्षं माहीत असूनही, तो दुरुस्त करण्याची योग्य पद्धत त्यांना अजून ठरवता आली नव्हती.

तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाना-मालामा त्या स्टुलावरून पडल्या. आवाज ऐकून मी कुंपणावरूनच गेले. उजवं मनगट वाकडं झालं होतं, आणि साहेब शेजारी उभे राहून, "मी म्हटलं नव्हतं, जपून म्हणून?" असं विचारत होते. सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं.

आता कामाला बाई ठेवावी, तर साहेबांची पंचाईत. दहा मिनिटांच्या कामाला कुणी बाई ठेवतं का? सगळ्या गावाला सांगून झालेलं. शनिवार उजाडला आणि बाशी-मालामा बाह्या सरसावून उठले.

त्यांनी पद्धतशीरपणे बादली भरली. पद्धतशीरपणे ती बैठकीच्या खिडकीवर ओतली. लाल धुळीवर पाणी पडलं की काय होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण पोरं काही तपासनीस नसतात. चिखलाचे ओघळ पट्ट्यांवरून भिंतीवर, भिंतीवरून सोफ्यावर आले. मग साहेबांनी अख्खं ब्लाइंड ओढून खाली काढलं आणि न्हाणीघरातल्या टबात बुचकळून पायाने तुडवलं. सात पट्ट्या दुमडल्या. वरच्या पन्हळीत पाणी शिरलं. दोऱ्यांचा असा गुंता झाला की बघतच राहावं.

"दोरीच बदलतो," असं जाहीर करून त्यांनी जुनी दोरी पट्ट्यांमधून सरळ उपसून काढली. चाळीस पट्ट्या खणखणत फरशीवर पसरल्या.

मी तेव्हा बाना-मालामांसाठी शेंगदाण्याच्या कुटातली भाजी घेऊन गेले होते. त्या गळ्यात हात बांधून ओसरीवर बसल्या होत्या.

"काय चाललंय आत?" मी विचारलं.

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "सकाळी सातला सुरू झालीत."

त्या दिवशी ऊन पार ओसरीच्या आतपर्यंत आलं तरी साहेब बाहेर आले नाहीत. दुसऱ्या शनिवारी त्यांनी दुसऱ्या खिडकीला हातही लावला नाही. बैठकीची खिडकी उघडीबोडकी होती आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून, "काय बाशी-मालामा, धुवायला काढलंय वाटतं?" असं आपुलकीने विचारत होता. आमच्या गल्लीत आपुलकी फार.

त्या शनिवारनंतर तिसऱ्या दिवशी ते बायकोपुढे जमिनीवर येऊन बसले. त्यांना जमिनीवर बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"बाना-मालामा, हे कसं करायचं?"

"नऊ खिडक्या," त्या म्हणाल्या. "एकेकीला चाळीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीला दोन बाजू. किती झाल्या, तपासनीससाहेब?"

साहेब हिशेबात पक्के. "सातशे वीस."

"दर शनिवारी. तीन वर्षं. आणि तुम्हाला सहावी पट्टी दिसायची."

स्टुलाकडे बघत साहेब म्हणाले, "स्टुलाचा पाय मी आधीच करायला हवा होता."

"हो," त्या म्हणाल्या, "करायला हवा होता." क्षमा वगैरे काही केली नाही. "उठा आता. एक जुना मोजा आणा."

शिकवणी सुरू झाली. मोजा हातात घालायचा. पट्ट्या मिटवायच्या आणि वरून खाली कोरडंच पुसायचं. मग दांडी फिरवून पट्ट्या उलट्या करायच्या आणि पुन्हा वरून खाली. चिकट तेवढंच ओल्या फडक्याने, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून. लगेच कोरडं करायचं. पन्हळीला पाणी लावायचं नाही. दुमडलेल्या पट्ट्यांचं काय? ब्लाइंडच्या तळाशी लांबीपेक्षा जास्तीच्या पट्ट्या असतात, त्या काढून वर घालायच्या.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. मी बघितलं."

दोरी मात्र महाग पडली. जुनी दोरी काढण्याआधी तिच्या टोकाला नवी शिवली असती तर ओढताच आरपार गेली असती. साहेबांनी आधीच उपसली होती, त्यामुळे ती आता एकेका भोकातून ओवायची होती. दोन दिवस लागले. बाना-मालामा डाव्या हाताने मेणबत्ती धरून टोकावर मेण टाकायच्या, साहेब चष्मा कपाळावर चढवून ओवायचे, आणि बाराव्या भोकाशी दोन्ही दिवशी चुकले.

"कशी बाळं यायची हो तुमच्या हातात?" त्यांनी वैतागून विचारलं.

"ती स्वतःहून यायची. तुमच्यासारखी अडून बसायची नाहीत."

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्ववत झालं नाही. त्यांना कपडा पिळता येईना. ब्लाइंड्स साहेबांकडेच राहिले. आणि मग जे व्हायचं तेच झालं : बाशी-मालामा त्यातले जाणकार झाले. चर्चच्या पुरुषमंडळात त्यांनी पाऊण तास 'कोरडं आधी, ओलं नंतर' या विषयावर भाषण केलं. लोकांच्या घरी जाऊन न विचारता दोऱ्या ओढून बघायला लागले. मोज्याची युक्ती आपण शोधल्याचं सांगताना मी त्यांना दोनदा पकडलं. माझ्या स्वयंपाकघरातलं ब्लाइंड त्यांनी दुरुस्त करून दिलं हे खरं, पण जाताना वरच्या कडेवरून बोट फिरवायचं काही चुकवलं नाही.

डिसेंबरात मालामा सुट्टीला आली. गाडीतून कापडाचे मोठे गठ्ठे उतरवले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पडदे, ताता. लुसाकात आता ब्लाइंड्स कुणी लावत नाही. हॉस्पिटलसारखं दिसतं. उद्या माणूस येईल, सगळे काढून टाकेल."

साहेब उठून खिडकीपुढे उभे राहिले, जणू लेक आत्ताच हातोडा काढणार आहे.

"हात लावायचा नाही कुणी!"

"अहो ताता, एवढं काय आहे त्यांत? तुम्हीच तर तीन वर्षं म्हणत होतात की ब्लाइंड्स म्हणजे दहा मिनिटांचं किरकोळ काम..."

"मी म्हणत होतो? मला तेव्हा काय कळत होतं?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नसेल. मी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारभर सांगितलंही.

मालामाने आईकडे पाहिलं. बाना-मालामा शांतपणे मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटत होत्या, डाव्या हाताने.

"झोपायच्या खोलीला पडदे लाव," त्या म्हणाल्या. "मला सकाळचं ऊन नको. बाकीच्या आठ राहू देत."

"पण आई, ती धूळ? तो व्याप?"

"ती तुझ्या बापाची धूळ आहे. ती काढून घेतलीस तर तो शनिवारी कुठे जाईल? माझ्या स्वयंपाकघरात. आणि ते मला परवडायचं नाही."

आठ खिडक्यांचे ब्लाइंड्स अजून आहेत. शनिवारी सकाळी मी माझ्या अंगणात वाटाणे सोलत बसते तेव्हा पलीकडे बाशी-मालामा फडकी पिळत असतात, आणि ओसरीवरून बाना-मालामांचा आवाज येतो, "अजून पाणी आहे त्यात."

ते पुन्हा पिळतात.