राक्षसाचे पाय

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाच मिशी काढली, आणि तीही माझ्या चुकीपायी.

हे खापरखेड्याला वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात होते. क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत चौघं जण एका खोलीत राहत. तिथं बायको-पोर ठेवणार कुठं? म्हणून मुलगी अडीच वर्षांची होईतो मी माहेरी खेड्यात राहिले. हे महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे, तेव्हा ती माझ्या आईच्या लुगड्यात तोंड खुपसून बसायची. लहान आहे, लाजते, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

क्वार्टर मिळालं आणि आम्ही मायलेकी सामानसुमान घेऊन राहायला आलो. दुसऱ्याच दिवशी हे पहिली पाळी करून दुपारी घरी आले. नळाखाली हात-तोंड धुऊनच निघत, पण कोळसा कसला निघतोय! पापण्यांच्या कडांना काळं, नखांत काळं, कानांच्या मागं तर कायमचं काळं. त्यात उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी, आणि वर झुपकेदार मिशी. पोरीनं एकदा वर पाहिलं आणि अशी किंचाळली, की शेजारीण कणकेचे हात घेऊन धावत आली.

मग हे रोजचंच झालं. ह्यांनी फुटाणे आणले, भोवरा फिरवून दाखवला, एकदा तर घोडा होऊन खोलीभर फिरले. पोरगी माझ्या मानेला मिठी मारून आपली रडतेच आहे.

"काहून रडते वं हे? मी काय तिले खाऊन राहिलो काय?" हे कळवळून विचारायचे.

"मिशीले भेत असन पोरगी," शेजारीण म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी हे सलूनमधून मिशी उतरवूनच आले. वरचा ओठ पांढराफटक आणि बाकी चेहरा काळा. दार उघडल्यावर मीच दचकले. पोरीनं तर घर डोक्यावर घेतलं.

आधी मला खूप हसू आलं. हसता हसता रडू फुटलं, कारण खरी गोष्ट मला ठाऊक होती. माहेरी तिला निजवताना आई म्हणायची, "झोप वं लवकर, काळा बुवा येऊन राहिला!" मीही तेच म्हणायचे. रोज म्हणायचे. पोर एकदाची झोपली की सुटले, एवढाच माझा विचार. आता तो काळा बुवा रोज दुपारी घरात शिरत होता आणि म्हणत होता, मी तुझा बाबा.

मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडतील, चांगलंच सुनावतील. हे नुसते ओठावर, मिशी होती तिथं, हात फिरवत बसले. "मंग तिची काय चूक आहे त्याच्यात," एवढंच म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या दारानं येऊ लागले. अंगणातल्या नळावर अंघोळ, मागच्या पायरीवर चहा, पोरगी खेळायला बाहेर गेली की मग घरात. स्वतःच्या घरात माणूस चोरासारखा! मला संताप आला. आधी त्यांच्यावर, मग आईवर, आणि शेवटी जिथं यायला हवा होता तिथं, माझ्यावर.

रविवारी बस धरून मी शहरात, बर्डीच्या बाजारात गेले. फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असत, त्यांत लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक दिसलं. कव्हर गायब, त्यामुळे ते कोणी लिहिलं, कोणी काढलं, आजवर मला माहीत नाही. पानापानावर एक हिरवा राक्षस. पोट पोत्यासारखं, दात तीन, त्यातला एक तिरपा. भीती मी भरवली, आता काढायचीही मीच, असं मनाशी म्हणत ते घेतलं.

गोष्ट अशी होती. राक्षसाला एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो. गावात दारोदार जाऊन तो विचारतो, "येऊ का आत?" लोक धडाधड कड्या लावतात. एक म्हातारी तेवढी म्हणते, "आधी पाय धुऊन ये." तो नदीवर जाऊन पाय धुतो, सगळी नदी गढूळ होते, मासे शिंकायला लागतात. परत येतो तर म्हातारी म्हणते, "दुसराही!" कारण बावळट एकच पाय धुऊन आलेला.

शिंकणारे मासे पाहून पोरगी लोळून लोळून हसली. मग दिवसातून दहादा तेच पुस्तक. मी विटून गेले. म्हातारीचं वाक्य आलं की माझ्या आधी तीच बोट नाचवून ओरडायची. तीन दातांच्या राक्षसाचे मुके घ्यायची, आणि मागच्या दाराची कडी वाजली की माझ्या पदरात. पुस्तकानं काही होत नाही, असं म्हणून मी हात टेकले होते.

मागच्या पायरीवर बसून हे रोज कान देऊन ऐकत होते, हे मला कुठं माहीत?

एका दुपारी पुढच्या दारावर टकटक झाली. पोरगी चटईवर पुस्तक पसरून बसलेली. दारात हे. न धुतलेले, नखशिखांत कोळसा, मिशीचे नवे खुंट. मी हातातली पोळी तव्यावर टाकून तिला उचलायला धावले. तेवढ्यात हे उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले आणि म्हणाले, "येऊ का आत?"

पोरीनं तोंड उघडलं. आता किंचाळते, म्हणून मी जागीच थिजले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. मग बोट वर झालं.

"आधी पाय धुऊन ये."

हे उठले, नळावर गेले, आणि एकच पाय धुऊन आले.

"दुसराही!" पोरगी ओरडली, आणि खदखदा हसली.

माझी पोळी पार करपली. दुसरा पाय धुऊन आल्यावर हे चटईच्या कडेला टेकले, अंग चोरून, जणू परक्याच्या घरी आले आहेत. ती गुडघ्यांवर रांगत जवळ गेली. कानामागचं काळं तिला दिसलं. "इथं राहिलं," असं म्हणून तिनं बोट थुंकीनं ओलं केलं आणि घासायला लागली.

पुष्कळ वेळ घासत होती. हे डोळे मिटून बसून होते. मग मान वळवून त्यांनी दुसरा कानही पुढं केला.