शेजारच्या सीटवरचा मेस्त्री

घोडेगावजवळ ब्रेकचं पेडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढून मी गाडी कशीबशी शेळ्यांच्या कळपाआधी थांबवली.

रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधला वयस्कर मेस्त्री गाडीखाली वाकला. "पाइप गळलाय, ताई. तेल गेलं, हवा शिरली. हवा दबती, मग जोर चाकापतुर जात न्हाई."

त्याने पाइप बदलला, तेल भरलं. तो सांगेल तसं मी पेडल दाबत राहिले. चाकापाशी लावलेल्या नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

पेडल घट्ट झालं, तरी मी म्हणाले, "मी नाही चालवणार आता."

हात पुसून तो शेजारच्या सीटवर बसला. "ब्रेक मी केलाय. मीबी येतो."

मी गाडी रस्त्यावर काढली आणि तीनदा ब्रेक लावला. तिन्ही वेळा गाडी थांबली. "जावा आता," म्हणत तो उतरला आणि चालत परत निघाला.

नगरपर्यंत मी एकटीने गाडी नेली.