कौतुकाची पहिली ओळ

महापालिकेच्या फाटकाशी टाइपरायटर मांडून बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मला आजही माहीत नाही. अर्ज कशाचा, हे ते आधी विचारतच नाहीत. "कुठल्या सायबाला?" एवढंच विचारतात.

आमच्या गल्लीत महिनाभर नळाला गटाराचं पाणी येत होतं. मी संतापून दोन पानं लिहून नेली. त्यांनी ती ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली आणि बाजूला ठेवली.

"ह्यो सायब चारच ओळी वाचतो. पयल्या ओळीत त्याचं कौतुक लागतं." आणि टाइप केलं, 'आपल्या कार्यतत्परतेमुळे...'

"कसली कार्यतत्परता? माझी पोर जुलाबानं आडवी झालीय. स्वच्छ पाणी मागायला कौतुक कशाला?"

"खरं हाय की. पर पाणी पायजे का भांडण?"

मी सही केली. तिसऱ्या दिवशी पाइप बदलला, आणि माझं डोकं आणखीच फिरलं.

माझी पानं परत मागायला गेलो. त्यांनी पिशवी उघडली. आत लोकांनी तसंच संतापून लिहिलेल्या कागदांचा जाड गठ्ठा होता.

"ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "हे वाचणारा सायब अजून आला न्हाय. आला की टाइप करतो."