सरूबाईचे सात सापकांदे

कालव्याकडेची निम्मी वाट चालून झाली आणि बिबट्यानं लांब राहावं म्हणून इंद्रायणीनं मोबाईलवर मोठ्यानं लावलेलं भजन एकाएकी बंद पडलं. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. पाचच वाजले होते, पण आषाढाचं आभाळ असं भरून आलेलं की दिवेलागण झाल्यासारखं वाटावं.

"बंद का केलंस गं?" पुढून सरूबाईनं विचारलं.

"मी नाही केलं मावशी. चार्जिंग संपलं."

"मग तोंडानं म्हण. अंगणवाडीत पोरांम्होरं तर लई गातीस."

इंद्रायणीनं गळ्याशी टॉवेल आणखी घट्ट केला. बिबट्या मानच धरतो म्हणतात, म्हणून तिनं मानेला टॉवेलचे दोन वेढे घातले होते. सरूबाईला तेवढीही सोय नव्हती. तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीत, ओल्या पोत्याखाली, मातीच्या गड्ड्यांसकट सात सापकांदे.

सापकांदा हे डोंगरातलं, दाट सावलीतलं झाड. पावसाळा लागला की ठिपक्याठिपक्यांचा दांडा वर येतो आणि नागानं फणा काढावा तसं हिरवं फूल उमलतं. दिवाळीपर्यंत सगळं सुकून जातं, कांदा मात्र मातीत जिवंत राहतो. सरूबाईचं माहेर डोंगरातल्या मढकडचं. आई गेली त्या साली तिनं तिथून एक कांदा ओटीत घालून आणला आणि सासरी, नारायणगावाजवळच्या या वस्तीवर, घरामागच्या आंब्याखाली लावला. तिथला पाला ती कुणाला झाडू द्यायची नाही. उन्हाळ्यात थेंबभर पाणी घालायची नाही, कांदा कुजतो म्हणून. नागपंचमीला बायका वारुळाला जायच्या, ही आंब्याखाली हळदकुंकू घेऊन बसायची. नवरा हौशीराम होता तोवर चेष्टा करायचा, "लोकं नागाला भित्यात, आमची त्याला पाल्याची गादी घालती!"

परवा सगळं बिघडलं. नवी सून संस्कृती भांड्यांचं पाणी टाकायला मागं गेली, अंधुकशा सावलीत फणा दिसला आणि ती किंचाळली, "परसात जनावर!" तिच्या माहेरी जनावर म्हणजे साप. इथं जनावर म्हणजे बिबट्याच. सगळी वस्ती काठ्या-फटाके घेऊन धावली. निम्मे सापकांदे पायांखाली गेले. खरं कळल्यावर माणसं पोट धरून हसली, मग हळूहळू गप्प झाली. एवढ्या झाडोऱ्यात खरंच बसला असता तर? सरूबाईच्या मुलानं, बाळासाहेबानं, त्याच संध्याकाळी जेसीबी सांगितला. उद्या सकाळी आंब्यासकट सगळं साफ व्हायचं होतं.

सरूबाई भांडली नाही. उरलेले कांदे उकरले आणि इंद्रायणीला एवढंच म्हणाली, "तुझ्या दारी जांभूळ हाय ना? मोप सावली हाय."

इंद्रायणीला नाही म्हणवलं नव्हतं. खरं सांगायचंही धाडस झालं नव्हतं. त्याच जांभळाखालून गेल्या महिन्यात बिबट्यानं कुत्रं उचललं होतं. तेव्हापासून तिची सहा वर्षांची लेक श्रेया अंगणात पाय टाकत नव्हती.

डाव्या हाताचा ऊस सळसळला.

वारा नव्हता. दोघी जागच्या जागी थांबल्या. पाचट मोडल्याचा आवाज आला, एकदा, मग आणखी जवळून. इंद्रायणीनं मनात देवाचं नाव घेतलं, तेही अर्ध्यावर तुटलं.

"बोल," सरूबाई पुटपुटली. "कायबी बोल. मोठ्यानं."

"मावशी!" इंद्रायणी ओरडली, आणि पोटात होतं तेच बाहेर पडलं. "रविवारी मी जांभूळ तोडणार आहे! माणूस सांगितलाय!"

सळसळ थांबली. मग कालव्याच्या अंगानं लांब लांब जात विरली. डुक्कर असेल, नाहीतर नसेलही. सरूबाईनं मागं वळून पाहिलं नाही. उरलेली वाट दोघी जवळजवळ पळतच आल्या.

जांभळाखाली सरूबाईनं पाटी उतरवली. दारातून श्रेया डोळे मोठे करून बघत होती, उंबऱ्याच्या आतूनच.

"मावशी, माझं चुकलं. आधी सांगायला हवं होतं."

"चुकलं कशाचं? तुला वाटतं म्हातारीला भ्या न्हाई? पाय बघ माझं, लटलट कापत्यात. आंब्याखाली जाताना रोज काठी आपटीत जायची मी, ती काय नागासाठी व्हय?" तिनं दारातल्या पोरीकडं पाहिलं. मग मान वर करून बराच वेळ जांभूळ न्याहाळलं. "खालचं समदं छाट, इंद्रे. दारातनं पार बांधापतुर दिसू दे. पोरीपरीस झाड मोठं न्हाई. पर बुंध्याला हात लावू देऊ नगं, आन् ती वरची, मावळतीच्या अंगाची एक फांदी ठिव. कांद्यांवरचं दुपारचं ऊन तेवढं अडवंल. एवढं माझं ऐक."