नागनाथअण्णा आणि चौदा मीटर वायर

नागनाथअण्णांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचा विषय निघाला की मी पेपर उघडायचो, नाहीतर चहाचं बघायला आत जायचो. आता पंचाहत्तरी उलटली. आमच्या कॉलनीत त्यांच्याविषयी ज्याला जे काही माहीत आहे ते माझ्याच तोंडून गेलेलं आहे, आणि ते खरं नाही.

मुलानं लातूरच्या घरासाठी होम थिएटर आणलं, तेव्हा ते जोडून द्यायला नागनाथअण्णा पहिल्यांदा आले. देवणीकडचे, पन्नाशीचे, काटक. आल्या आल्या त्यांनी पंखा आणि फ्रिज बंद करायला लावला आणि हॉलच्या मधोमध मांडी घालून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय चाललंय, मिस्त्री?" मी विचारलं.

"खोली ऐकून राहिलो, साहेब. वायर टाकायच्या आधी खोली काय म्हणती ते ऐकावं लागतं."

मग उठून त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. पलीकडच्या खोलीत कोण झोपतं, दुपारी घरात कोण असतं, हे विचारलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी आत जाऊन कपाटाची किल्ली खिशात टाकली. बायको हसली. "अहो, चोर कधी फ्रिज बंद करा म्हणतो का?" मी म्हटलं, हुशार चोर असेल तर म्हणेलही.

बायकोला ते डबे हॉलमध्ये डोळ्यासमोर नको होते. म्हणून अॅम्प्लिफायर जिन्याखालच्या कपाटात आणि मागचे दोन स्पीकर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, सोफ्यामागं. दोन्ही स्पीकरसाठी वेगळी लांबलचक वायर भिंतीतून न्यायची होती. नागनाथअण्णा कामाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "वायर लांब न्यायची तर जाड पायजे, न्हाईतर आवाज वाटंतच थकतो." आणि, "लाईटच्या वायरीशी सलगी केली की स्पीकर गुणगुणतो. करंटला आपला लांबून राम राम."

भिंतीत खाच मारायची, वायर बसवायची, वरून सिमेंट आणि रंग. बायकोला धुळीनं दम लागायचा. म्हणून घर त्यांच्यावर सोपवून आम्ही तीन दिवस नांदेडला लेकीकडं राहिलो. त्या तीन दिवसांत मी शेजाऱ्यांना निदान सात वेळा फोन केला असेल. आलो तेव्हा भिंती कोऱ्या करकरीत. आवाज असा, की मागून कुणी चालत आलं असं वाटून बायकोनं वळून पाहिलं.

मी मात्र वायर शोधत होतो. पन्नास मीटरचं बंडल मी स्वतः आणलं होतं. त्यांनी तीन मीटरचा तुकडा नीट गुंडाळून परत दिला होता. माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली. मी टेप काढला, हॉलचा नकाशा कागदावर उतरवला आणि हिशेब केला. दोन्ही वायरी मिळून तेहतीस मीटर. लागली सत्तेचाळीस.

दुसऱ्या दिवशी ते आवाज तपासायला आले. मी कागद पुढं केला. "मिस्त्री, चौदा मीटर वायर कुठं गेली?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "भिंतीत हाय की."

"नकाशात बसत नाही."

"नकाशात न्हाई बसवली साहेब मी, भिंतीत बसवली." मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज बदलला. "आत्ता उकलतो भिंत. तुमच्या डोळ्यादेखत मोजा."

"नको. रंग ताजा आहे."

"रंग मी मारून देतो. पण उघडू द्या."

"नको म्हटलं ना!"

रंगाचं नुसतं निमित्त होतं. वायर पुरी भरली असती तर त्या माणसापुढं मला मान खाली घालावी लागली असती. ते पिशवी उचलून गेले.

त्या वेळी कॉलनीचं सभागृह बांधून होत आलं होतं. तिथलं स्पीकरचं काम नागनाथअण्णांना द्यायचं ठरलं होतं. त्या भरवशावर त्यांनी लातुरात दुकानासाठी गाळा घेतला होता, बिऱ्हाडही देवणीहून आणलं होतं. संध्याकाळी कॉलनीतल्या बाकावरच्या मंडळींना मी चौदा मीटरची गोष्ट सांगितली. कुणीतरी म्हणालं, "मग भिंत उघडून दाखव म्हणावं त्याला."

मी म्हणालो, "म्हटलं होतं. तो तयार झाला नाही."

एवढंच एक वाक्य. सभागृहाचं काम दुसऱ्याला गेलं. ज्यांचं काम लोकांच्या घरात शिरून करायचं, त्यांना कुणी घरात घेईना. वर्षभरात गाळा बंद करून ते नांदेडला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागले.

पुढं हॉलच्या भिंतींना ओल आली आणि गिलावा काढावा लागला. वायर बाहेर आली. ती कपाटापासून छतापर्यंत चढली होती, बोर्डात वरून उतरणाऱ्या लाईटच्या वायरींना वळसा घालायला खाली उतरून पुन्हा वर गेली होती आणि शेवटी स्पीकरपाशी खाली आली होती. मोजली. सत्तेचाळीस मीटर. मोजणीत आम्ही उताराच्या रानातसुद्धा साखळी आडवी ताणून धरायचो. चढउतार धरायचा नसतो. भिंतही मी तशीच मोजली होती.

हे कबूल करायला नांदेडला गेलो. मला पाहताच ते स्टुलावरून उठले. "साहेब! स्पीकर गुणगुणतो का काय?"

"छे, उत्तम आहे. लेकीकडं आलो होतो, म्हटलं भेटावं."

दुकानाच्या तरुण मालकानं विचारलं, "कोण पाहुणे, अण्णा?"

"लातूरचे साहेब. घर माझ्यावर टाकून तीन दिस गावाला गेलते हे!" त्यांनी हे कौतुकानं सांगितलं, की माझी लाज राखायला, ते मला आजही कळलेलं नाही.

मालकासमोर बोललो तर जुना आळ इथंही पोचेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले. तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

"हाव," ते म्हणाले. "तुमी बी."

गेल्या वर्षी ते गेले. देवणीच्या एका ओळखीच्यानं बोलता बोलता सांगितलं.

नागनाथअण्णा, तुम्ही भिंत उघडायला तयार होता. नको मी म्हणालो होतो.