चढावरचा सांधेवाला

गाडी येऊन उभी राहिली की आमचे सांधेवाले आधी खाली वाकायचे आणि रुळाला हात लावायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग तळहात धोतराला पुसत म्हणायचे, "उतार झोपत नाही, बाबू."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, तिकिटं द्यायचो. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या चढणीवर आमचं स्टेशन. एक खोली, एक फलाट, एक पाण्याची टाकी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वरचे साहेब बदलले, पण चढ होता तसाच राहिला. फलाटसुद्धा चढावरच. पहिल्याच दिवशी मी खाली ठेवलेला तांब्या गडगडत जाऊन खडीत पडला. सांधेवाल्यांनी तो उचलून आणून दिला.

"तांब्या होता म्हणून बरं," म्हणाले.

गाडी येताना-जाताना रुळांचे सांधे बदलणं हे त्यांचं काम. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. मी त्यांना दादा म्हणायचो.

चढावर थांबलेली गाडी सुटताना तुम्ही कधी पाहिली आहे का? इंजिन जीव खाऊन ओरडतं, धूर सोडतं, चाकं गरगर फिरतात आणि गाडी मात्र जागची हलत नाही. मग फायरमन उतरून रुळावर वाळू टाकतो. ड्रायव्हर गाडी थोडी मागे घेतो, पुन्हा जोर लावतो. उतारू खिडकीतून डोकी काढून विचारायचे, "ढकलू का हो?" सगळे हसायचे. दादा हसायचे नाहीत. काखेत सागाचा एक ठोकळा धरून ते शेवटच्या डब्याकडे बघत राहायचे.

त्यांची बायको दुपारी भाकर घेऊन यायची. तिलाही ते रुळापासून लांब बसवायचे. ती मला म्हणायची, "तीस साल झाले, बाबू. ह्या माणसाले मी दिसतच नाही, डबाच दिसते."

एकदा मी विचारलं, "दादा, एवढं काय भ्यायचं?"

"चढती गाडी बोंबलते, बाबू. घसरती गाडी बोलतच नाही."

तरुणपणी दुसऱ्या एका स्टेशनातून सुटलेला मालडबा त्यांनी पाहिला होता. खाली वळणावर रुळाचं काम करणारी माणसं भाकर खात बसली होती. एवढं सांगून ते ठोकळा काखेत मारून सांध्याकडे निघाले.

आश्विनातली ती दुपार. सकाळपासून झिमझिम चालली होती आणि सागाची पानं रुळावर चिरडून तेलासारखी पसरली होती. सोनाळ्याचा बाजार करून निघालेल्या माणसांनी डबे गच्च भरले होते. दादांनी रुळाला हात लावला आणि त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. हात पुसलाही नाही.

इंजिनानं दोनदा जोर केला. चाकं नुसती फिरली. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनं असा हिसका दिला की मधली साखळी तुटली. पुढचे डबे वर गेले, शेवटचे दोन मागे राहिले. त्यांचा ब्रेक आपोआप धरायला हवा होता. धरला नाही. क्षणभर ते नुसते उभे होते. मग आवाज न करता मागे निघाले.

आतल्यांना काही कळलंच नव्हतं. एक बाई खिडकीत बसून लेकराला शेव भरवत होती. गार्ड धावला, पण त्याच्या हाती डब्याची दांडी लागेना. शंभर पावलांवर वळण होतं आणि वळणाखाली नाल्याचा पूल.

दादा सांध्यापाशी होते. गाडी पार होईपर्यंत सांधेवाल्यानं तिथून हलायचं नाही, असा नियम. ते नियम सोडून पळाले. चाकाखाली ठोकळा टाकला, तो निसटला. पुन्हा टाकला आणि या वेळी हातानं दाबून धरला. चाक ठोकळ्यावर चढलं, करकरलं आणि थांबलं.

मी पोचलो तेव्हा ते गुडघ्यावर बसले होते. उजवा हात चाकाखाली होता.

"माह्याकडं नका पाहू," ते ओरडले. "माणसं उतरवा आधी! दगड लावा!"

आम्ही दगड लावले, माणसं उतरवली, मग हात सोडवला. चार बोटं गेली.

चौकशी झाली. साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, "साखळी तुटली तेव्हा सांधेवाला आपल्या जागेवर होता का?"

"तोपर्यंत होता," मी म्हणालो, "त्यानंतर तो पळाला."

"म्हणजे जागा सोडली."

"हो."

त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली. दादांची नोकरी गेली.

चार महिन्यांनी मी त्यांना भेटायला सोनाळ्याला गेलो. मेहुण्याच्या मळ्यात ते मिरचीला पाणी देत होते. डाव्या हातानं फावडं ओढायचं, उजव्या मनगटानं दाबायचं. मला पाहून खूश झाले. बायकोला हाक मारून चहा सांगितला. मग दांडातलं पाणी बघत म्हणाले,

"एक इचारू, बाबू? मी काऊन पळालो, हे तुम्ही साहेबाले काऊन नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही, दादा."

त्यांनी मान हलवली. "हाव. नसंन इचारलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. वाफा भरला होता. ते फावडं घेऊन पुढच्या वाफ्याकडे गेले. बायकोनं चहा आणला, तो मी उभ्यानंच प्यायलो.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. ते वारल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं, तेही मलकापूरच्या फलाटावर, एका अनोळखी माणसाकडून. तो सोनाळ्याचा होता. त्या दिवशी त्या दोन डब्यांतल्या एकात त्याची आई बसली होती.